तीव्र चौकस : सिग्नल दलाचे टोपीबिल्ले आणि त्यांची ओळख

१

मराठीत 'चपराशी' हा शब्द कचेरीतील शिपायासाठी रूढ झाला असला, तरी तो ज्या शब्दावरून साधला आहे तो मूळचा माणसाचा वाचक नव्हे, वस्तूचा होय. 'चपरास' म्हणजे पट्ट्यावर लावावयाचा पितळी बिल्ला. फारसीतील 'चप' म्हणजे डावा आणि 'रास्त' म्हणजे उजवा, या दोन पदांच्या जोडीतून तो शब्द निघाला, आणि चपरास धारण करणारा तो चपराशी ठरला. मुंबई इलाख्यात त्याच माणसाला 'पट्टेवाला' म्हणत. तेथेही नाव पडले ते पट्ट्यावरून. बिल्ल्याने माणसाला नाव द्यावे, त्याचा हुद्दा सांगावा आणि त्याच्या तोंडच्या निरोपाला अधिकार प्राप्त करून द्यावा, ही कल्पना आपल्या भाषेत अशी जुनी आणि खोल रुजलेली आहे.

लष्करी टोपीवरील बिल्ला हा याच कल्पनेचा अधिक नियमबद्ध आविष्कार होय. त्यावर एक आकृती असते, बहुधा एखादे राजचिन्ह असते, आणि पुष्कळदा एक नाव अथवा ब्रीदवाक्य असते. तळहातात मावणारी ही वस्तू म्हणजे एक लहानसा लेखच असतो. ताम्रपट वा शिलालेख वाचताना लिपी, भाषा, राजमुद्रा आणि कोरणी या चारही अंगांचा विचार केला जातो. बिल्ल्याच्या बाबतीत मात्र हा विचार इतिहासाच्या अभ्यासकांनी फारसा केलेला नाही, तो प्रामुख्याने हौशी संग्राहकांवर सोपवला गेला. त्यांनी परिश्रमाने सूची तयार केल्या हे खरे. आर्थर किपलिंग आणि ह्यू किंग यांचा ब्रिटिश सैन्याच्या शिरोभूषणावरील बिल्ल्यांचा ग्रंथ, ज्याचा पहिला खंड १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या क्षेत्रात प्रमाण मानला जातो. परंतु हिंदुस्थानात घडलेले, वापरलेले आणि येथील घरांतून जपलेले बिल्ले पाहताना परदेशी सूचीचे माप दर वेळी पुरत नाही. सिग्नल दलाच्या, म्हणजे सैन्यातील संदेशवहन दलाच्या बिल्ल्यांवरून हे विशेष स्पष्ट होते.

२

अडचण कोठे येते हे कळण्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातील खांडबारा या गावाचे उदाहरण कल्पनेने घेता येईल. नवापूर तालुक्यातील हे गाव सुरत–भुसावळ लोहमार्गावर आहे. खानदेशाला स्वतःचा लष्करी इतिहास आहे. जेम्स आउट्रॅम याने १८२५ मध्ये उभारण्यास घेतलेली आणि धरणगाव हे ठाणे असलेली भिल्ल पलटण सर्वश्रुतच आहे. पण खांडबाऱ्यासारख्या ठिकाणी एखाद्या घरातील जुन्या पेटीत सिग्नल दलाचा बिल्ला निघाला, तर त्याचे स्पष्टीकरण भोवतालच्या परिसरातून मिळण्याचा संभव नाही. खडकीला सापडलेल्या बिल्ल्याला खडकीची छावणी साक्ष देते. येथे साक्ष द्यावयास बिल्ला स्वतः आणि घरातील माणसांची आठवण, एवढीच साधने उरतात. या दोहोंचा मेळ बसला नाही म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो.

समजा, घरातील मंडळी सांगतात की पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या आघाडीवर सिग्नलमध्ये होते, आणि पुरावा म्हणून जो बिल्ला दाखवितात त्यावर पंखांची पादत्राणे घातलेली, एका पायावर तोललेली देवतेची आकृती आहे. बिल्ल्याकडे पाहून 'ही गोष्ट खोटी' असे म्हणणारा घाई करतो, आणि 'ही गोष्ट सिद्ध झाली' असे म्हणणाराही घाईच करतो. कोणत्या कारणाने, हे या दलाचा इतिहास पाहिल्यावर कळते.

३

सैन्यातील संदेशवहन ही गोष्ट नवी नाही. मराठेशाहीच्या कागदपत्रांत 'जासूद' हा शब्द वारंवार येतो आणि 'जासूदजोडी' रवाना केल्याचे उल्लेख आढळतात. जासूद म्हणजे त्या काळी मुख्यतः पत्र व बातमी पोहोचविणारा. हिंदीतील 'जासूस'च्या प्रभावाने आज त्या शब्दाला गुप्तहेराचा रंग चढला आहे. निरोप नेणारा आणि बातमी काढणारा हे दोघे एकच असत, म्हणून हा अर्थसंकोच घडू शकला.

यंत्राच्या साहाय्याने होणाऱ्या लष्करी संदेशवहनात मुंबई इलाख्याचा वाटा लक्षणीय आहे. आरशावरून सूर्यकिरण परावर्तित करून सांकेतिक संदेश धाडणारे हेलिओग्राफ हे यंत्र हेन्री मॅन्स याने १८६९ च्या सुमारास तयार केले; तो तेव्हा इराणी आखातातील तारखात्यात, कराची येथे नोकरीस होता, आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे. १८७८ ते १८८० च्या दुसऱ्या अफगाण युद्धात या यंत्राचा मोठा उपयोग झाला. तथापि हे काम करणाऱ्यांचे स्वतंत्र दल तोपर्यंत नव्हते. तारेचे काम सॅपर्स अँड मायनर्स या अभियंता दलांकडे असे, आणि पलटणींतील प्रशिक्षित इशारतवाले बाहीवर निळ्या व पांढऱ्या अशा दोन निशाणांच्या फुलीचे चिन्ह लावीत. हे बाहीचिन्ह आणि टोपीबिल्ला यांत अंतर आहे. पहिले माणसाचे कौशल्य सांगते, दुसरा त्याचे दल सांगतो.

१५ फेब्रुवारी १९११ रोजी फतेहगड येथे एकतिसाव्या व बत्तिसाव्या डिव्हिजनल सिग्नल कंपन्या लेफ्टनंट कर्नल पॉवेल या अभियंता अधिकाऱ्याच्या हाताखाली उभ्या राहिल्या. भारतीय सिग्नल दल हाच आपला स्थापनादिवस मानते. त्यांच्या मागोमाग तेहतिसावी व चौतिसावी या कंपन्या आल्या. यांपैकी चौतिसावी सिग्नल कंपनी पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेली. याच डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे या सैन्याला तुर्कांचा वेढा पडला. वेढ्याच्या काळात बिनतारी यंत्रावरून बाहेरच्या फौजेशी बोलणे चालू होते. पण मदतीस निघालेले सैन्य पोहोचू शकले नाही, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. पुढे कैदेत त्यांतील हजारोंचा अंत झाला. कुतचे नाव महाराष्ट्रातील काही घरांत अद्यापि घेतले जाते ते यामुळेच.

परंतु या माणसांच्या टोपीवर पंखांच्या पादत्राणांची देवता असणे शक्य नव्हते. ती आकृती मर्क्युरी या रोमन देवदूताची असून तिचा संबंध ब्रिटनच्या रॉयल कोअर ऑफ सिग्नल्सशी आहे. आणि ते दल २८ जून १९२० च्या राजाज्ञेने अस्तित्वात आले. त्यापूर्वी ब्रिटनमध्येही सिग्नलचे काम अभियंता दलाचेच एक अंग होते. याचा अर्थ असा, की मर्क्युरीचा बिल्ला कुतच्या वेढ्यापासून किमान चार वर्षे दूर आहे.

तेव्हा पूर्वीच्या उदाहरणातील पणजोबांची कथा खोटी ठरते काय? मुळीच नाही. ते युद्धानंतरही नोकरीत राहिले असतील आणि नवा बिल्ला त्यांना पुढे मिळाला असेल. किंवा तो बिल्ला त्यांच्या मुलाचा वा पुतण्याचा असून दोन पिढ्यांच्या वस्तू एका पेटीत आल्या असतील. बिल्ला आठवणीला खोडून काढत नाही. तो तिच्यातील एक दुवा वेगळ्या काळात नेऊन ठेवतो, आणि त्यामुळे शोधाची दिशा बदलते. चुकीच्या ओळखीने मात्र मृत माणसाच्या नावावर त्याने न केलेली नोकरी चढते, आणि केलेली नोकरी पुसली जाते. ओळख अचूक असावी हा आग्रह केवळ संग्राहकाच्या हौसेचा नव्हे, तो या कारणास्तव आहे.

४

बिल्ल्याचा काळ ठरविण्याचे पहिले साधन म्हणजे त्यावरील राजचिन्ह. १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील घडणीचा मुकुट, १९०१ ते १९५३ या काळात कमानी बाहेर फुगून घुमटासारख्या दिसणारा ट्यूडर मुकुट, आणि १९५३ नंतर मध्यभागी कमानी खाली दबलेला सेंट एडवर्डचा मुकुट, असा ब्रिटिश बिल्ल्यांचा स्थूल क्रम आहे. भारत २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाला आणि सैन्याच्या चिन्हांवरील मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की एक उपयुक्त कसोटी हाती येते. 'इंडियन सिग्नल कोअर' असे नाव आणि त्यावर कमानी दबलेला १९५३ नंतरचा मुकुट, असा बिल्ला समोर आला तर तो दुर्मीळ नव्हे, अशक्य समजावा. कारण तो मुकुट ब्रिटिश बिल्ल्यांवर येण्यापूर्वीच भारतीय सैन्याने मुकुट उतरविला होता. असा नमुना पुढे कोणी तरी विक्रीसाठी बनविलेला असतो.

या कसोटीलाही अलीकडे एक पुरवणी जोडावी लागते. २०२२ मध्ये गादीवर आलेल्या चार्ल्स राजाने पुन्हा ट्यूडर घडणीचा मुकुट स्वीकारला, आणि ब्रिटिश दलांचे बिल्ले त्यानुसार बदलू लागले. यामुळे घुमटी मुकुट दिसला म्हणजे बिल्ला १९५३ च्या आधीचाच, हे अनुमान ब्रिटिश बिल्ल्यांपुरते आता निर्णायक राहिलेले नाही. भारतीय दलाचे नाव असलेल्या बिल्ल्यांना ही पुरवणी अर्थातच लागू होत नाही.

दुसरे साधन आकृतीच्या मांडणीचे. रॉयल सिग्नल्सच्या आरंभीच्या बिल्ल्यात मर्क्युरी एका लंबवर्तुळाकार पट्ट्याच्या आत असून पट्ट्यावर दलाचे नाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पट्टा गेला, आकृती मोकळी झाली आणि खाली ब्रीदवाक्याची फीत आली. ही आकृती जिआम्बोलोन्या या शिल्पकाराच्या सोळाव्या शतकातील प्रसिद्ध कांस्यमूर्तीवरून घेतली आहे. शिपायांच्या बोलीत तिला 'जिमी' म्हणतात. ते नाव शिल्पकाराच्या नावाचा अपभ्रंश आहे असे एक मत. १९२० नंतरच्या दशकात गाजलेल्या, त्याच दलातील जिमी एम्ब्लेम नावाच्या मुष्टियोद्ध्यावरून ते पडले असे दुसरे. दोन्ही व्युत्पत्ती सारख्याच हौसेने सांगितल्या जातात, आणि परक्या देवतेला घरचे नाव देण्याची लोकभाषेची प्रवृत्ती त्यांवरून दिसून येते. भारतीय दलाने १९५० नंतर मुकुट काढला, फितीवरील अक्षरे देवनागरी केली; जिमीला मात्र हलविले नाही. राजसत्तेचे चिन्ह गेले आणि कामाचे चिन्ह राहिले, असे या बदलाचे वर्णन करता येईल.

तिसरे साधन धातू आणि घडण यांचे. ब्रिटनमधील नेहमीचा बिल्ला ठशावर दाबून काढलेला असतो. मागे खोचावयाची पट्टी अथवा आडवी पिन घालण्यासाठी दोन कड्या असतात. ओतीव, जाडसर, कडा खडबडीत असलेला बिल्ला दिसला की परदेशी संग्राहक त्याला बनावट ठरवून बाजूस सारतो. येथे मात्र सावध राहावयास हवे. महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानातील पलटणींसाठी बाजारातील कारागिरांकडून ओतीव बिल्ले करवून घेतले जात. तेव्हा ओतीव असणे हा येथे दोष नसून कित्येकदा स्थानिक घडणीची ती खूण असते. उलट अगदी रेखीव, झिजेचा लवलेश नसलेला ठशाचा बिल्ला जुन्या साच्यावरून अलीकडे काढलेला असू शकतो. म्हणून घडणीपेक्षा झीज पाहावी. रोज टोपीवर चढणाऱ्या व घासून लख्ख होणाऱ्या बिल्ल्याचे उंचवटे, म्हणजे मर्क्युरीचा चेहरा, गुडघा आणि मुकुटाचा माथा, आधी बोथट होतात. खोलगट भाग मात्र तीक्ष्ण राहतो. पुढचा भाग झिजलेला आणि मागच्या कड्या मात्र कोऱ्या, असे आढळले तर संशय घ्यावा.

५

सिग्नलचे म्हणून जे बिल्ले जपले जातात त्यांतील काही मुळात सिग्नलचे नसतातच. याचे सर्वात बोलके उदाहरण म्हणजे तुतारीवजा बिगुलाची आकृती. बिगुल हे इशारतीचे साधन असल्यामुळे त्याचा बिल्ला संदेशवहन दलाचा असावा असे कोणालाही वाटेल. वस्तुतः बिगुल हे लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे पांगून लढणाऱ्या चपळ पायदळाचे चिन्ह आहे. शब्दाची हाक न पोहोचणाऱ्या अंतरावर पसरलेल्या शिपायांना बिगुलानेच आज्ञा दिली जाई, म्हणून ते चिन्ह त्या पलटणींना मिळाले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर ते आजही आहे, आणि त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे असल्याने महाराष्ट्रातील घरांतून हा बिल्ला सहज आढळतो. अनुमानाचा पाया बरोबर, पण निष्कर्ष चुकीचा, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण महार रेजिमेंटचे. ही रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगाव येथे उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आणि त्या लढाईतील महार शिपायांची ती स्मृती. १९४६ मध्ये ती मशीनगन रेजिमेंट झाल्यावर फुलीत ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन बिल्ल्यावर आल्या, आणि पुढे स्तंभाची जागा कट्यारीने घेतली. एकाच दलाचे हे भिन्न बिल्ले भिन्न दलांचे समजले जाण्याचा संभव असतो. सूचीत न सापडणारा बिल्ला 'विलक्षण' म्हणून नोंदण्यापूर्वी तो एखाद्या संक्रमणकाळातील टप्पा तर नव्हे, हे तपासले पाहिजे. स्तंभ असलेला बिल्ला ज्या घरात आहे त्या घराला त्या आकृतीचा अर्थ काय आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही. तो बिल्ला केवळ 'जुना नमुना' म्हणून नोंदणे म्हणजे त्यातील मजकुराचा निम्मा भाग न वाचणे होय.

महार वा मराठा रेजिमेंटच्या बिल्ल्यांशी तुलना केली असता सिग्नल दलाच्या बिल्ल्याचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात येते. त्यावर कोणत्याही जातीचे, प्रांताचे वा लढाईचे नाव नाही. केवळ कामाचे नाव आहे. तारयंत्रावर बसणारा माणूस कोणत्या गावचा, हे त्यावरून कळत नाही. म्हणून त्या बिल्ल्याची ओळख पटविण्यात घरची आठवण आणि ज्या गावी तो जपला गेला त्या गावाची नोंद यांना इतर बिल्ल्यांपेक्षा अधिक मोल आहे.

खांडबाऱ्याच्या परिसरात संस्थानी बिल्ल्यांचाही विचार करावा लागतो. नवापूरच्या पलीकडे त्याच लोहमार्गावर सोनगड आहे. ते गायकवाडांचे आरंभीचे ठाणे असून १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तो मुलूख संस्थानात होता. गायकवाडांचे ब्रीद 'जिन घर जिन तख्त', म्हणजे खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. मराठी राजघराण्याने गुजराती मुलखात मिरविलेले हे फारसी शब्दांचे हिंदुस्तानी वाक्य ज्या वस्तूवर असेल, तिचा शोध ब्रिटिश सूचीत नव्हे, बडोद्याच्या दप्तरात घ्यावा लागेल. बिल्ल्यावरील शब्द कोणत्या भाषेचे आहेत यावरून तो घालणाऱ्याची भाषा ठरत नाही. तो देणाऱ्या सत्तेची ठरते.

६

या शेवटच्या विधानाच्या प्रकाशात सिग्नल दलाचे ब्रीदवाक्य पाहावयाचे आहे. रॉयल सिग्नल्सचे लॅटिन ब्रीद 'चेर्ता चितो' असे आहे. त्यातील पहिले पद 'खात्रीचे, निश्चित' या अर्थाचे, आणि दुसरे 'त्वरेने' या अर्थाचे. इंग्रजीत त्याचा अनुवाद करताना क्रम उलटला आणि 'जलद व खात्रीशीर' असा झाला. भारतीय सिग्नल दलाचे ब्रीद 'तीव्र चौकस' होय. येथे वेग आधी आहे, खात्री नंतर; म्हणजे हे शब्द लॅटिनच्या क्रमाने नव्हे, इंग्रजी अनुवादाच्या क्रमाने आले आहेत. १९४७ मध्ये दलाची वाटणी झाल्यावर पाकिस्तानच्या सिग्नल दलाने 'तेज़ ओ यक़ीनी' हे ब्रीद घेतले. क्रम तोच, शब्द फारसी-अरबी. एकाच इंग्रजी वाक्याची ही दोन भाषांतरे. त्यांत मौज अशी, की फारसी 'तेज़' आणि संस्कृत 'तीक्ष्ण' यांचे मूळ एकच आहे. सीमेपलीकडच्या ब्रीदातील पहिला शब्द अलीकडच्या भाषेला परका नाही.

'तीव्र' हा शब्द मराठी वाचकाला किंचित अडवतो. मराठीत वेदना तीव्र असते, मतभेद तीव्र असतात. घोडा तीव्र धावला असे कोणी म्हणत नाही. 'तीव्र गती' या हिंदी प्रयोगातून वेगाचा अर्थ येथे आला आहे. परंतु खरा पेच 'चौकस' या शब्दात आहे. मराठीत चौकस म्हणजे बारकाईने विचारपूस करणारा, जिज्ञासू. चौकस मूल म्हणजे प्रश्न विचारणारे मूल, आणि 'चौकशी' म्हणजे विचारपूस अथवा तपास. हिंदीत चौकस म्हणजे सावध, पहाऱ्यावर दक्ष असलेला, आणि 'चौकसी' म्हणजे पहारा, दक्षता. केवळ श–स चा फरक असलेली ही दोन नामे दोन भाषांत दोन वेगळी कामे करतात. गुजरातीत 'चोक्कस' म्हणजे निश्चित, खात्रीने. आणि 'चोकसी' म्हणजे सोन्याचांदीचा कस पाहणारा पारखी, ज्यावरून आडनावही पडले. ब्रीदाचा इंग्रजी अनुवाद 'जलद आणि सुरक्षित' असा केला जातो; तो हिंदी अर्थाला धरून आहे.

या तिन्ही भाषा जेथे एकमेकींना भेटतात तो प्रदेश नवापूर तालुक्याचा आहे. नवापूर स्थानकाच्या फलाटातूनच महाराष्ट्र आणि गुजरात यांची १ मे १९६० पासूनची सीमा जाते, आणि तेथील घोषणा मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत होतात. खांडबाऱ्याच्या बाजारात मराठी आणि गुजराती कानावर पडतात, भोवतालच्या पाड्यांवर मावची बोलली जाते, अहिराणी फार दूर नाही. 'तीव्र चौकस' ही दोन पदे येथे वाचली जातील तेव्हा मराठी कानाला 'फार विचारपूस करणारा' असे काहीसे ऐकू येईल, फौजेत नोकरी केलेल्याला 'तत्पर आणि सावध' असे, आणि गुजराती कानाला 'झपाट्याचे आणि खात्रीचे' असे. लॅटिन ब्रीदातील 'चेर्ता' या पदाच्या सर्वांत जवळ गेलेला अर्थ गुजराती आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. ब्रीद ठरविले हिंदीच्या जाणिवेने. मूळचा लॅटिन अर्थ टिकला तो शेजारच्या भाषेत.

हा योगायोग केवळ शब्दांचा खेळ म्हणून सोडून देण्यासारखा नाही. सावध असणे, तपास करणे आणि खात्री पटणे या एकाच क्रियेच्या तीन पायऱ्या आहेत. एका शब्दाच्या तीन भाषांतील वाटचालीत त्या वेगवेगळ्या होऊन बसल्या इतकेच. संदेश पोहोचविणाऱ्याला या तिन्ही पायऱ्या लागतात. १४ जुलै २०१३ पर्यंत चालू असलेल्या तारखात्याच्या व्यवहारातही महत्त्वाचे शब्द व आकडे पुन्हा पाठवून पडताळण्याची पद्धत होती. आलेला शब्द तोच आहे ना, हे विचारणे म्हणजे मराठी चौकसपणा, आणि उत्तर मिळाल्यावर जी होते ती गुजराती चोक्कस.

७

येथवरच्या विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. सिग्नल दलाच्या बिल्ल्याची ओळख पटविताना मर्क्युरीची आकृती १९२० ही पूर्वसीमा देते. मुकुट वा सिंहशीर्ष १९५० ची सीमा दाखविते. लिपी त्या सीमेला पुष्टी देते. घडण ही स्थानिक की परदेशी याचा निर्देश करते, परंतु एकटी घडण बनावटपणा सिद्ध करीत नाही. आणि झीज वापराची साक्ष देते. ही पाच अंगे एकमेकांशी जुळली म्हणजे बिल्ल्याचा काळ निश्चित होतो. तो कोणाचा होता हा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर ज्या नोंदींतून मिळेल त्या बहुतेक वेळा बिल्ला पेटीतून बाहेर निघतो त्याच दिवशी हरवतात. मोडीच्या भावाने विकल्या गेलेल्या पितळेचे वजन राहते, गाव राहत नाही. जबलपूर येथील सिग्नल दलाच्या संग्रहालयात वा खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडे उत्तम नमुने पाहावयास मिळतात, आणि नमुना ताडून पाहण्यासाठी ते आवश्यकच आहेत. परंतु खांडबाऱ्याच्या घरातील बिल्ला कोणी, कोठून, कोणत्या वर्षी आणला हे कोणत्याही संग्रहालयात लिहिलेले नसते. म्हणून संग्राहकाने आणि विद्यार्थ्याने बिल्ला हाती येताच तो घासून लख्ख करण्याऐवजी प्रथम दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, माप व वजन टिपावे, फितीवरील अक्षरे जशीच्या तशी, ऱ्हस्वदीर्घासह उतरून घ्यावीत. आणि त्याच कागदावर घरातील माणसांनी सांगितलेली हकीकत त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावी. बिल्ल्याची साक्ष आणि माणसांची साक्ष जुळत नसेल तर दोन्ही ठेवाव्यात. एक दुसरीसाठी खोडू नये. आज जो विसंवाद वाटतो तो उद्या दुसऱ्या एखाद्या गावच्या पेटीतील दुसऱ्या बिल्ल्याने सुटण्याचा संभव असतो.

अशा नोंदी गावोगाव होऊ लागल्या तर पुण्याच्या डिव्हिजनबरोबर गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांपैकी काहींची नावे त्यांच्या खऱ्या कंपनीच्या यादीत लागतील, आणि काही नावे चुकीच्या यादीतून निघतील. दोन्ही कामे इतिहासाचीच आहेत.